पातळी शून्य

बॅलार्ड इस्टेट, दुसरा मजला, रात्रीचे पावणेदोन.
गोदीकडून एक क्रेन मधूनच कण्हते.
माझ्या मांडीवर फर्टाडोंच्या बारा टेप,
पेन्सिलीने लिहिलेल्या:
रवि ०. मंगळ १. गुरु २.

डिस्क शनिवारी गेली.
कुरकुरली नाही, गरम झाली नाही,
नळ बंद करावा तशी गेली.
नवी बसवली, कोरी केली, शून्याची टेप घातली,
रिस्टोअर म्हटलं.
उत्तर आलं: मेमरी देता येत नाही.

तासभर मी मेमरीच्याच मागे.
रॅमच्या पट्ट्या उपसल्या,
खोडरबराने त्यांचे दात घासले, पुन्हा खोचल्या.
आईचा कान दुखायचा तेव्हा
शेवटी दाढ काढावी लागली होती,
हे आठवायला अडीच कप चहा गेला.

मग फर्टाडोंची वही.
पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, बारीक अक्षरात:
ब्लॉक ६४. विसरू नको रे, फ्रान्सिस.
स्वतःलाच लिहिलेलं. माणूस जाऊन दीड वर्ष झालं.
टेपवरचा घास मोठा होता
आणि मी चहाचा चमचा घेऊन बसले होते.

फिरली.
नावं सरसर वर जाऊ लागली, आणि मध्येच
ती ओळ:
पुढची फाइल ४१०२ हवी होती, मिळाली ४०९७.

म्हणजे त्या रविवारी प्रत निघत असताना
कुणीतरी आत काम करत होतं.
आधी हजेरी झाली, मग कुणी बाक बदलला.
फोटोवाला हलू नका म्हणतो
तसं फर्टाडो कुणाला म्हणणार?
रविवारी रात्री ऑफिसची किल्ली
फक्त कॅप्टन तेलंगांकडे.

उघडायला नको होती. उघडली.
चहाच्या चारशे दहा पेट्या, तळाशी भिजलेल्या.
सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, पाणी दुधाळ झालं.
खारं. समुद्राचं. झाकणाचं रबर फाटलेलं.

आणि कपाटात हिरव्या कापडात बांधलेला,
सही-शिक्क्याचा अहवाल मी स्वतः टाइप केलाय:
जहाजाच्या पोटातला घाम.
रबराचं नाव नाही.

रुसीसेठचा फोन. मळ्यूं के, चौबळ?
म्हटलं, निम्मं.

आता मंगळवारची टेप हातात आहे.
हिच्यात काय आहे ते मला माहीत आहे,
म्हणजे काय नाही ते.
रिस्टोअर फार सरळ स्वभावाचं:
रविवारी होतं, मंगळवारी नाही, तर काढून टाकायचं.
मला काही पुसावं लागणार नाही,
नुसता क्रम पाळायचा.
नियमाने वागलं की हात कोरडे राहतात.

क्रम पाळणारच आहे. सकाळी नऊला
सगळ्यांना मंगळवारच हवाय, बुधवारच्या जरा अलीकडचा.

पण येत्या रविवारी पाळीप्रमाणे
या शून्यावर नवं शून्य चढणार होतं.
टेप बाहेर काढली, उलटी केली,
पोटावरची छोटी खिट्टी नखाने सरकवली.
कट.
आता हिच्यावर कुणालाच लिहिता येणार नाही,
खिट्टी परत सरकवल्याशिवाय.

वहीत फर्टाडोंच्या खाली, पेन्सिलीनेच:
रवि ०, पाळीतून बाद.
नवी टेप आणणे, लॅमिंग्टन रोड.
पैसे माझे.