मीठ मागे राहतं

एकतीस वर्षं मी जमिनीखाली एक किलोमीटर
आटलेल्या समुद्रात कामाला होतो.
पोटॅशची खाण. गुलाबी भिंती, त्यांवर यंत्राचे ओरखडे,
जिभेवर कायमची खारट धूळ.
वर हम्बोल्टमध्ये उणे अडतीस असलं
तरी खाली सत्तावीस अंश, बाराही महिने.
डार्का म्हणते,
इतकी वर्षं बुटांतून मीठ आणलंस घरात,
आता बादलीने आणायला लागलास.

काचेची पेटी दोनशे लिटरची.
तिच्या भाराने फरशी खचू नये म्हणून
आधी तळघरात टेकू दिला.
खाणीतली सवय, डोक्यावरच्या कशावरही
भरवसा ठेवायचा नाही.
मग गाळलेलं पाणी, तोलून सात किलो मीठ,
आणि ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून
विमानाने आलेले अकरा दगड.
त्यांचा वास आठवडाभर पडद्यांना होता.

दुकानातल्या मिरेलने बजावलं होतं:
सहा आठवडे आत काही सोडायचं नाही.
दगडांतलं जे मरायचं ते मरू दे,
त्या मेलेल्यावर जे जगतं ते वाढू दे.
तुम्ही फक्त नळीत थेंब टाकून रंग बघा.

बघत बसलो.
हिरवा, म्हणजे विष.
मग जांभळा, म्हणजे दुसरं विष, पहिल्याने जन्माला घातलेलं.
मग वाळूवर, काचेवर तपकिरी साय,
न घासलेल्या चहाच्या भांड्यासारखी.
शेजारचा वेंडेल क्लासन बुटांचा बर्फ झाडून आत यायचा,
गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा.
मासे कुठायत?
नाहीत अजून.
मग दिवा कोणासाठी?
दगडांसाठी.
कॉफीच्या टेबलावर जाऊन सांगायचा,
ओरेस्ट हल्ली दगड पाळतो.

रोज बोटभर पाणी कमी व्हायचं.
हिवाळ्यात हीटरची हवा काहीही पिते.
मी खारं पाणी करून भर घालत राहिलो,
आणि क्षार चढत चढत काट्याबाहेर.
मिरेल फोनवर हसली.
पाणी जातं हो. मीठ कुठं जाणार?
गोडं घाला.
हे मला तिने सांगावं!
मला, ज्याने उभा जन्म तेच तर खणलं होतं,
पाणी उठून गेल्यावर तळाला जे राहिलं ते.

फेब्रुवारीत वादळ आलं. रात्री साडेनऊला वीज गेली.
पंप थांबला, आणि कळलं
की महिनाभर हे घर त्याच्याच आवाजावर झोपत होतं.
पेटीतला काटा पंचविसावरून तेवीस, बावीस.
मी गॅसवर पाणी तापवलं, बाटल्यांत भरून तरंगत ठेवलं.
डार्का काही बोलली नाही.
तिच्या आईची भरतकामाची रजई,
जिला मला कधी हात लावू दिला नाही,
ती तिने काचेभोवती गुंडाळली.
मग बोर्श वाढायचा डाव घेतला
आणि पाणी उचलून वरून सोडू लागली.
हवा मिळायला हवी ना त्यांना, म्हणाली.
कोणाला, ते मी विचारलं नाही.

दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या.
तीनच्या सुमाराला माझा खाणीतला दिवा कपाळावर चढवून वाकलो,
तर सातव्या दगडाच्या बगलेत काहीतरी सरकलं.
नखाएवढा तारामासा.
न बोलावता, न मोजता आलेला,
दगडाच्या भोकात बसून.
डार्काला उठवलं. कोटातच झोपली होती.
नाक काचेला लावून तिने पाय मोजले.
साडेपाच, म्हणाली.
मी मोजले. साडेपाचच.
एक अर्धा पुन्हा उगवत होता.

वीज पाच वीसला आली.
पंप खोकला, मग लागला.
वेंडेल फावडं घेऊन आमचं दार मोकळं करत होता,
त्याला मी आत्ताच काही सांगणार नव्हतो.
डार्काने डाव तीनदा धुतला,
तरी दुपारच्या बोर्शला समुद्राची चव होतीच.
काचेवरच्या खुणेपासून पाणी
आज दोन बोटं खाली होतं.
मी उठायच्या आत तिने तांब्या भरला.
गोड्या पाण्याचा.