मूळ प्रत

सावद्याला वजनकाट्याच्या अंगाला आमची पेढी :
भारंबे आणि पुतणे, केळीचे व्यापारी.
पुतणे आता फोनमध्ये असतात.
मी दुपारी दोनला आतल्या टेबलाशी बसते
आणि काल काय ठरलं ते शोधते.

आज शोधायचाय
लोटू फेगडेंच्या मळ्यातून मंगळवारी उचललेल्या
एकशे बारा क्विंटलचा भाव.
ग्रुपवर रात्री नऊ चाळीसला काहीतरी आलं होतं.
आता तिथे राखाडी अक्षरं : हा मेसेज डिलीट केला गेला.
खाली तीन अंगठे, एक जोडलेले हात,
आणि ‘चालेल भाऊ’.
काय चालेल?

सामायिक शीटमध्ये त्या रकान्याला
एका रात्रीत चौघांनी हात लावलाय.
थोरला, धाकटा, ड्रायव्हर इरफान,
त्याला परवानगी कोणी दिली कोण जाणे,
आणि एक अनामिक कोल्हा.
खरंच, तसंच लिहिलंय.
अनामिक कोल्हा, रात्री एक सतरा,
अठराशे चाळीसचे चौदाशे ऐंशी.

चावदस दिवाणजी गेले तेव्हा
मला किल्ल्या नाही, पासवर्ड मिळाला.
पण त्यांचं एक वाक्य आधीच घेऊन ठेवलं होतं :
‘चुकलं त खोड पोरी, पन असं खोड
का खालचं वाचता आलं पाह्यजे.’
एक रेघ. बाजूला सही. तारीख.
आठ वर्षं भरली की वही माळ्यावरून उतरवायचे,
एकदा चाळायचे, मग फाडायचे.
ठेवणं हे काम होतं, टाकणंही.

ग्रुपवर कोणी ठेवत नाही, कोणी टाकत नाही.
काट्याची चिठ्ठी, कोणाचा साखरपुडा, सडलेल्या घडाचा फोटो,
सगळं एका पोत्यात.
फाईलच्या बुडाशी पिलं फुटलीत :
फायनल, फायनल दोन, खरी फायनल.
बागेत माणूस पिलं वेळेवर कापतो.
इथे विळा कोणाच्या हातात, ठरलेलं नाही.
हेमराज रावेरच्या पेढीत गेला
तेव्हा पाच महिन्यांचे गाडीभरणीचे फोटो
त्याच्या खिशातून गेले. पावती नाही.

तरी खोटं कशाला बोलू,
पूर्वी भाव दिवाणजींच्या टोपीखाली असायचा.
शेतकरी पायरीवर बसून
टोपी निघायची वाट बघायचा.

चार वाजता फेगडे आले. पायरीवर नाही, खुर्चीवर बसले.
तडा गेलेल्या काचेचा फोन पुढे केला.
नऊ बेचाळीसचा स्क्रीनशॉट. अठराशे चाळीस, पुतण्याच्या नावासकट.
‘नातवानं काढून ठेवला व्हता. मले कुठी जमते!’

ऑडिटर दरवर्षी विचारतात, मूळ प्रत कुठे?
यंदा सांगावं लागेल :
पेढीत नाही साहेब, मळ्यात आहे.

मी वही काढली.
सकाळी शीट बघून लिहिलेल्या चौदाशे ऐंशीवर
एक रेघ मारली, वाचता येईल अशी.
वर अठराशे चाळीस, सही, तारीख,
‘पुरावा : फेगडे यांचा मोबाईल’.

संध्याकाळी धाकटा म्हणाला,
‘ताई, वही अजून कशाला?’
‘कोल्ह्यासाठी,’ म्हटलं.
तो हसला.
मग हसता हसता त्याने फोन
टेबलावर पालथा ठेवला.