तेराचा डझन

हाग्गय आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदाच येतो,
मार्चच्या अखेरीला, वर्गणीच्या वेळी.
दोन अध्यायांचा माणूस.
सफन्या आणि जखऱ्याच्या मधे पान चिकटून बसतं,
थुंकी लावून सुटं करावं लागतं.

"तुमच्या घरांना छान छतं," पाळक उजगरे म्हणाले,
"आणि देवाचं घर?"
सगळ्यांनी वर पाहिलं.
पत्रा. बेचाळीस डिग्री. पंख्याची कुरकुर.
पहिल्या बाकावरून रणपिसेसाहेब उठले,
पीओपीसाठी एक्कावन्न हजार.
टाळ्या.
पावतीपुस्तक माझ्याकडे असतं.
मी नाव लिहिलं वळणदार अक्षरात.

त्याच अक्षरात सोमवार ते शनिवार
मी त्यांच्या कारखान्यात बायांचे नग लिहिते.
अक्कलकोट रोड, एमआयडीसी,
बावीस मशिनी, टॉवेलच्या कडा.
मजुरी डझनावर,
आणि आमच्याकडे डझन तेराचा.
तेरावा "डागी निघाला तर" म्हणून.
निघो न निघो.
अकरा वर्षं.

त्या रात्री नळाला पाणी येणार होतं,
पाचव्या दिवशी, पहाटे अडीचला.
जागायचंच होतं, म्हणून पुस्तक उघडलं.
पाळकांनी न वाचलेलं वाचलं.
पेरलं भरपूर, आलं मूठभर.
जेवले, पोट भरलं नाही.
कपडे अंगावर, पण ऊब नाही.
ऊब नाही!
इथं, ह्या चादरींच्या गावात,
जिथं नरसम्मा गड्डमची तान्ही पोर
मशिनीखाली पोत्यावर झोपते.
आणि मजुरी कुठं गेली?
पिशवीला भोक होतं.
भोक कोणी पाडलं, ते लिहिलेलं नाही.
मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं,
बोटाला शाई होती.

पुढं एक विचित्र सवाल आहे, याजकांना विचारलेला.
पवित्र मांस पदरात बांधलं,
पदर भाकरीला लागला,
भाकर पवित्र झाली का?
नाही.
मढ्याला शिवलेला हात लागला तर?
बाटली.
हे मला कोणी समजवायला नको.
एका तांबड्या टॉवेलनं
हौदातले साठ पांढरे गुलाबी केलेले मी पाहिलेत.
साठ पांढऱ्यांनी एक तांबडा पांढरा केला,
असं कधी झालं नाही.
इतकी वर्षं मला वाटायचं,
पावतीपुस्तक हातात आहे,
देवाचं काहीतरी आपोआप लागत असेल.

मग हिशेब मांडायला घेतला.
बावीस बाया, रोजचे इतके डझन,
प्रत्येकातला एक.
तिसऱ्या पानावर आकडा असा फुगला
की पेन्सिल खाली ठेवली.
तेवढ्यात नळ खोकला,
घागरी भरायला उठले.
रडले म्हणावं तर तोंड आधीच ओलं होतं.

एक गोष्ट मात्र आवडली त्या माणसाची.
तारखा लिहितो.
राजाचं कितवं वर्ष, कितवा महिना, कितवा दिवस,
अगदी नोंदवहीवाल्यासारखा.
आणि सगळं ओरडून झाल्यावर
त्यांना म्हणतो, आजची तारीख ध्यानात ठेवा,
इथून पुढचं मोजा.
मागचं फेडून या, मग बघू,
असं म्हणत नाही.
(फेडायचं आहेच. पण तो दार अडवून उभा नाही.)

सोमवारी वहीच्या डोक्यावर तारीख घातली.
नरसम्मानं गठ्ठा टाकला.
मोजले. अठ्ठेचाळीस.
चार डझन, लिहिलं.
"मावशे, काय लिहिलालीस बे?
तीन अन् वर नऊ होतंय की."
"चार," मी म्हटलं.
"चष्मा बदललीस काय?"
मागच्या मशिनी हसल्या.
मग एकेक करून थांबल्या.

शनिवारी साहेब वही बघतील.
मला काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.
रविवारी पीओपीवाला मापं घ्यायला येणार आहे.
पत्रा तापतोय, तापू दे.
मी पोतं उचलून तान्हीखाली
नवी चादर घातली, दुकानातून, पैसे देऊन,
आणि पावती
पावतीपुस्तकात ठेवली नाही.