साल

कन्नडात कर्जाला साल म्हणतात.
हे मला महानंदा टीचरनी सांगितलं,
वडगावात, माझ्या दुकानाच्या फळीवर बसून,
चष्मा कपाळावर, कागद नाकाशी.
आमच्यात साल म्हणजे वर्ष,
नाहीतर केळ्याची, सोलून टाकायची ती.
मी म्हटलं, टीचर, तीन सालांचं साल काढलं
आणि साल निघाली माझी.
त्या हसल्या. मग थांबल्या,
कारण चौथ्या पानावर पोचल्या होत्या.

मागितले होते दीड लाख:
मोटारीचं पिको मशीन, थोरलीची नर्सिंगची फी.
खात्यात आले एक लाख अडतीस हजार एकशे साठ.
मी समजले, प्रोसेसिंग असेल.
बँकेत हा शब्द असा उच्चारतात
की पुढं विचारायला लाजल्यागत होतं.
हप्ता मात्र दीड लाखाचाच.

अकरा हजार आठशे चाळीस.
ऐंशी रुपयाला एक फॉल-पिको.
एकशे अठ्ठेचाळीस साड्या
माझ्या मांडीवरून उतरून
गेल्या कुठं?

टीचरनी बोट ठेवलं. विमा.
आजारपण, अपघात, आणि नोकरी गेली तर
तीन महिने हप्ते कंपनी भरणार.
कुणाची नोकरी?
कर्जदाराची.
खरं मला नोकरी कुठं आहे?
एक खिडकी, एक बल्ब, नव्वद रंगांची रिळं.
मला कामावरून काढायचं
तर मलाच मला पत्र लिहायला लागेल.

खाली चौकोनात बरोबरची खूण. छापलेली.
म्हणजे माझा हात पोचायच्या आधी
माझा होकार तिथं जाऊन बसला होता.
शेजारी माझी सही, मराठीत,
वेलांटी जरा लांब; घाईत होते त्या दिवशी,
गिऱ्हाईक थांबलेलं.
सही. हा शब्द तेवढा
दोन्ही भाषांत सारखा निघाला.

टिळकवाडीच्या शाखेत तो पोरगा होताच, श्रीशैल.
'मॅडम, तुम्हीच सही केली की.'
'केली की. विचारलं कुणी?'
तो पडद्याकडं बघत राहिला.
मग हळूच, आईशी बोलावं तसं:
'अक्का, महिन्याला बारा विकायच्या असतात.
तुमची अकरावी होती.'
बारावी कुणाची, विचारायचं राहून गेलं.

अर्ज मी मराठीत सांगितला,
टीचरनी कन्नडात लिहिला.
'फसवलं' घाला, म्हटलं.
त्यांनी घातलं 'माहिती न देता'.
राग जरा पातळ झाला,
खरं पातळ असतं तेच लांब वाहतं, म्हणाल्या.
पोच द्या, शिक्का मारा, तारीख घाला,
एवढं मात्र मी माझ्या तोंडानं म्हटलं
आणि शिक्का पडेपर्यंत काउंटर सोडला नाही.
मागचा माणूस खाकरला. खाकरू दे.

उत्तर आलं: मुदत टळली.
दुसरा अर्ज लोकपालाकडं,
टीचरच्या नातवानं मोबाइलवरून केलेला.
गणपती गेले, तुळशीची लग्नं झाली,
लग्नाच्या साड्यांचे गठ्ठे आले.
मी फॉल लावत होते, मोजत नव्हते.
मोजत होते.

एका मंगळवारी मोबाइल वाजला.
अकरा हजार आठशे चाळीस जमा.
दोन वर्षांचं व्याज त्यात नाही.
त्याचा वेगळा अर्ज, टीचर म्हणतात, लिहूया की.

पैसे त्यांनी घेतले नाहीत.
पिशवीतून डाळिंबी इरकल काढली.
'फॉल उसवलाय बघ हिचा.'
त्या गेल्यावर बल्बखाली धरली,
काठाकाठानं बोट फिरवलं.
कुठंच उसवला नव्हता.

तरी मी तो अख्खा काढला
आणि परत लावला,
हातानं, बारीक टाक्यांनी.
एकशे एकोणपन्नासावी.