रकाना क्रमांक सात

रकाना सात : स्थापत्यविषयक महत्त्व.
जागा तीन ओळींची.
मी टेप घेऊन सकाळी साडेसातलाच आले,
कारण एप्रिलात, सोलापुरात, दहानंतर
दगडाला हात लावता येत नाही.

टेपचं दुसरं टोक धरलं नरसय्या बोल्लींनी.
गिरणी बंद पडली तरी
ऑफिसची किल्ली परत न केलेले टाइमकीपर.
मी आकडा सांगायचे,
ते तेलुगूत पुटपुटायचे मागोमाग, पदकोंडु, पन्नेंडु,
जणू हजेरी चालली आहे.

दर्शनी कमानी पाच. मधली रुंद,
मालकाची बग्गी थेट आत यावी म्हणून.
काळा दगड, चुन्याच्या दरजा,
अजून नख शिरत नाही.
बिडाचे खांब. रंग खरवडला तर खाली
ग्लासगो, उलटं बसवलेलं.
गवंड्याला ती अक्षरं येत नव्हती,
की येत होती, कुणास ठाऊक.

साहेबाच्या खोलीचं छत अठरा फूट,
वाळ्याच्या ताट्यांचे हूक तसेच.
कारकुनांच्या खोलीचं साडेनऊ, वर पत्रा.
ऊन कुणाच्या डोक्यावर ठेवायचं
हे नकाशातच ठरलेलं.

मग व्हरांड्याच्या टोकाला पगाराची खिडकी.
दीड फूट चौरस, सागवानी चौकट.
जमिनीपासून तळपट्टी : तीन फूट दोन इंच.
मी पुन्हा मोजलं.

"बरोबर हाय बाई," बोल्ली म्हणाले.
"वाकूनच घ्यायचा पगार.
साच्यावरचा असो की खात्यातला.
किती कापले, वर तोंड करून
कुणी इचारू नये."

फरशीत पावलांचे दोन खळगे.
मी त्यांत उभी राहिले, वाकले.
आत जाळी, आणि
अंगठ्याच्या शाईचं वाळलेलं पॅड.

"आमची अम्मा मात्र," ते म्हणाले
टेप गुंडाळायचं विसरून,
"कांड्या भरायची. चार फूट चार इंच.
अख्ख्या गिरणीत तीच एक
सरळ उभी राहून पैसे मोजून घ्यायची,
कारकुनाच्या डोळ्याला डोळा भिडवून.
एकदा आठ आणे कमी निघाले,
तर सारी रांग थांबवली तिनं
दुसरा भोंगा होईपर्यंत."

मिळाले का आठ आणे, विचारायचं राहिलं.

रकान्यात लिहिलं : कमानी, दगड, बिडाचे खांब.
तीन ओळी भरल्या.
मग समासात, पेन्सिलीनं,
साहेब खोडणार हे माहीत असून :
पगाराची खिडकी, तळ तीन फूट दोन इंच.
राजव्वा बोल्ली यांच्या मापाची.