का शेवटी येतो

गिरगावातल्या छापखान्यात एकतीस वर्षं
लोकांच्या वेलांट्या ऱ्हस्व-दीर्घ करत बसलो.
छापखाना गेला. तिथं आता केकचं दुकान आहे,
काचेवर 'शूभेच्छा' लिहिलंय.
मी रस्त्याच्या पलीकडून जातो.

मग खालच्या मजल्यावरची सिद्धी तोडणकर आली.
नर्सिंगची परीक्षा नुकतीच झालेली.
म्हणाली, चौबळकाका, जपानात
म्हाताऱ्यांना सांभाळायला माणसं हवीत,
पण भाषा पाहिजे. क्लासची फी ऐकून आले.
तुम्ही व्याकरणाचे ना?

जसं काही आडनावच.

फुकटात काय मिळतं ते शोधत हिंडलो.
ग्रंथालयात एक कोश, 'ना'ची सगळी ओळ फाटलेली,
म्हणून 'नात्सु' म्हणजे उन्हाळा आणि 'नेको' म्हणजे मांजर
आम्हाला फार उशिरा भेटले.
तिच्या फोनवर कुणा बाईंचे धडे,
डेअरीवाल्याच्या वायफायवर, शटर पडायच्या आत.
वरळीचं जपानी देऊळ, तिथं ढोल वाजतो
आणि ऐकायला पैसे पडत नाहीत.
शिवाय माझी जुनी प्रुफं, एका बाजूनं कोरी.
त्या बाजूवर तिनं चिन्हं गिरवली;
पलीकडे कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत
लाल शाईनं दुरुस्त केलेले आजोळचे लोक.

मी तिच्या एक दिवस पुढे असायचो.
कधी अर्धाच.

म्हटलं, घाबरू नकोस, क्रियापद शेवटीच येतं, आपल्यासारखं.
'मी ते औषध' एवढं बोलून माणूस थांबला
तर घेतलं की ओतलं, कळत नाही.
तोंडाकडे बघत थांबायचं.
प्रत्यय आहेत, पण सामान्यरूप नाही:
घोड्याला कितीही प्रत्यय लाव, घोडा घोडाच राहतो.
'नो' म्हणजे चा, ची, चे, तिन्ही एकात.
आणि करून बघ, करून ठेव, करून टाक,
हे त्यांच्याकडे जसंच्या तसं.
चाखून बघा, झाकून ठेवा, संपवून टाका,
आमच्या हिचं अख्खं स्वयंपाकघर
त्या एका धड्यात बसलं.

वेलांटीला मात्र जप, म्हटलं.
'ओजिसान' ऱ्हस्व असेल तर काका,
दीर्घ झाली की आजोबा.
ती हसली. म्हणाली, एवढ्याशानं?
मी म्हटलं, एवढ्याशावर माझं घर चाललं.

मग 'आहे' आलं.
त्यांच्याकडे दोन: जिवंताला 'इमासु', वस्तूला 'आरिमासु'.
माणूस इमासु. खुर्ची आरिमासु.
तिनं पेन्सिल खाली ठेवली.
वॉर्डात रात्रपाळ्या केलेली मुलगी.
काका, पेशंट गेला की क्रियापद कधी बदलायचं?
डॉक्टरांनी सांगितल्यावर,
की घरचे येईपर्यंत थांबायचं?

कोशातली ती पानं शाबूत होती.
तरी तिथं नव्हतं.
म्हटलं, पुढच्या धड्यात असेल.
मराठीत एकच 'आहे' आहे,
माझं सहा वर्षं त्यावरच निभावलंय,
हे तिला सांगितलं नाही.

प्रश्न विचारायचा तर सगळं वाक्य बोलून घ्यायचं
आणि शेवटी 'का' लावायचा.
तेवढं तिला शिकवावं लागलं नाही.

काल कानाझावाहून तिचा निरोप आला, त्यांच्या अक्षरांत.
चष्मा लावला, एकेक अक्षर सोडवलं:
ओजीसान, गोहान ताबेमाशिता का.
जेवलात का.

शेवटचं अक्षर वाचायची गरज नव्हती.
पण सवयीनं मागे गेलो. पहिल्या शब्दापाशी थांबलो.
वेलांटी दीर्घ होती.
दिवसभर तिथल्या म्हाताऱ्यांना तशीच हाक मारत असेल.
लाल पेन्सिल ड्रॉवरमध्येच आहे.
घाईत चुकली असेल
का?