जडसंग्रह

पान सतरा. टेबलं दोन, त्यातलं एक लंगडं.
लोखंडी कपाट एक. पृथ्वीचा गोल एक,
आस निखळल्यामुळे पृथ्वी खिडकीत नुसतीच ठेवलेली,
वारा आला की आफ्रिकेवरून घरंगळते.
त्याखाली माझ्याच अक्षरात:
शैक्षणिक साहित्य, नग एक, रुपये पंधरा हजार.
वर्णनाचा रकाना कोरा.

संखच्या पुढं, डांबर संपतं तिथं आमची शाळा.
जत तालुका, पट एकोणतीस, घरात बहुतेकांच्या कानडी,
फळ्यावर मराठी, आणि मी शिराळ्याची,
भाताच्या, पावसाच्या मुलखातली.
बदलीच्या आदेशात भाषेचा उल्लेख नसतो.

ऑगस्टात निधी आला.
पत्राचा विषय: वंचित घटकातील विद्यार्थ्यांसाठी जादा तरतूद.
समितीची सभा लिंबाखाली भरली.
आमसिद्ध अध्यक्ष, तो म्हणाला, कमान करू, रस्त्यावरनं दिसंल.
कुणी म्हणालं साउंड,
सव्वीस जानेवारीला दरसाल भाड्यानं आणावा लागतो.
मी म्हणाले टॅब.
टॅब म्हटलं की सभेत कुणी वाद घालत नाही,
एवढंच माझं कारण.

तेवढ्यात पहिलीच्या दारातून एक ओघळ आला,
पायरीवर थांबला, मग मातीत जिरला.
मलकारी.
जूनपासून भिंतीला पाठ लावून बसलेला.
त्याच्या नावापुढं मी लिहिलं होतं: प्रतिसाद नाही.
जुलैत: मंद?
पेन्सिलीनं, प्रश्नचिन्हासकट.
त्याला फक्त बाहेर जायचं होतं.
त्यासाठीचा शब्द त्याच्याकडं होता,
माझ्याकडं नव्हता.

निंगव्वा पलीकडच्या बांधावर शेरडं राखत होती.
आली, पदराच्या शेवानं त्याचे पाय पुसले,
कानाशी काहीतरी पुटपुटली,
आणि पोरगं बोलायला लागलं.
एवढं बोललं, एवढं,
तीन महिन्यांचं साचलेलं.
मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही.
सभेचं इतिवृत्त मी तिथंच खोडलं.

महिना अठराशे पंच्याहत्तर, आठ महिने.
केंद्रप्रमुख फोनवर म्हणाले, मानधन अनुज्ञेय नाही,
साहित्यात बसवा.
मी बसवली.
पहिलीच्या वर्गात, चटईवर, पाय पसरून.
नीर म्हणजे पाणी, सांगायची ती.
होट्टी म्हणजे पोट. बा म्हणजे ये.
मी ‘पतंग’ लिहायचे आणि ती विचारायची,
हे कुणी बघितलंय का इथं?
कुणी बघितलेला नसायचा.
मग आम्ही ‘शेरडू’ लिहिलं.
पेन्सिलीतलं ते एक अक्षरी पाप
मी दिवाळीआधी खोडरबरानं काढलं.
कागदावर खड्डा राहिला. अजून आहे.

एप्रिलात साळोखे साहेब आले, ऑडिटला.
चहा नको म्हणाले. पान सतरावर बोट.
नग दाखवा.
मी त्यांना पहिलीच्या दारात नेलं.
आत निंगव्वा चुना मळत होती,
भोवती सातजण, मलकारी सगळ्यांत मोठ्यानं
माझ्या आवाजाची नक्कल करत पाढा म्हणत होता.
साहेब बराच वेळ उभे होते.
विचारलं, घसारा किती धरलाय?
विनोद होता की नियम, मला ठरवता आलं नाही.
बाहेर येऊन त्यांनी शेऱ्यात लिहिलं:
नग एक, सुस्थितीत.
मग थोडं थांबून, त्याच शाईनं:
पुढील वर्षी या शीर्षाखाली खर्च करू नये.

शेवटच्या शनिवारी निकाल वाटले.
जादा तरतुदीचं नवं पत्र आलेलं नाही,
येईल असंही कुणी म्हणत नाही.
निंगव्वा चटई झटकत म्हणाली,
जूनला याचं का मी?
पैशाचं मनात मोजत मी उभी.
मग आठ महिन्यांत शिकलेल्या चार शब्दांतला
एक उचलला. म्हणाले, बा.
खिडकीतली पृथ्वी सावरून धरत
मलकारी हसला. म्हणाला,
बा न्हवं बाई,
मोठ्या माणसाला बर्री म्हणायचं असतं.